मुरमाचं पीठ

चौथा खड्डाही नापास झाला, आणि तो निकाल फोनवरून साइटला कळवायचं काम साहेबांनी माझ्याच गळ्यात घातलं. "तुम्हीच सांगा, तुमचं बोलणं स्पष्ट असतं," म्हणाले. स्पष्ट कसलं, फाटकं तोंड आहे माझं, हे सगळ्या लॅबला ठाऊक आहे. मी फोन लावला, आकडा सांगितला, "भराव पुरेसा दाबलेला नाही" हे ठरलेलं वाक्य म्हटलं आणि फोन ठेवून दिला. त्या भरावावर रोलर चालवणारा माणूस माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, हे पलीकडच्या सुपरवायझरलाही माहीत होतं आणि मलाही. दोघांनीही तो विषय काढला नाही.

साइटवर त्याला सगळे सपाटराव म्हणतात. दिसेल ते सपाट करतो म्हणून. घरात खुर्ची डगमगली तरी हा पायाखालची फरशी तपासतो. त्याला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नाही. रोलरच्या सीटवर बसला की गडी राजा. खाली उतरला की मात्र कुणी मोठ्याने बोललं तरी मान खाली घालतो. या रस्त्यावर पहिल्यांदाच त्याच्या हातची माती नापास होत होती, तीही लागोपाठ.

हे नापास म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या भावजयीलाही मला ते तीनदा सांगावं लागलं. भराव घालायचा तर आधी त्या मातीचं एक पोतं आमच्याकडे येतं. थोडं पाणी घालून ती माती आम्ही लोखंडी साच्यात ठोकतो आणि वजन करतो. मग जरा जास्त पाणी घालून पुन्हा ठोकतो. पाणी कमी असलं तर मातीचे कण एकमेकांना धरत नाहीत, जास्त झालं तर इकडून दाबली की तिकडून वर येते. मध्ये कुठेतरी एक जागा असते, तिथे माती सगळ्यात घट्ट बसते. तिथला आकडा म्हणजे शंभर. मग साइटवर रोलर फिरवून झाला की तिथे खड्डा घेऊन मोजतात, आणि ती माती त्या शंभरातले पंच्याण्णव तरी भरली पाहिजे. माझ्या भावाची माती ब्याण्णवच्या वर सरकायला तयार नव्हती.

ठोकायचं खातं हातोडेकाकांचं. वय झालंय, निवृत्ती तोंडावर आलीय, पण साच्यावर रॅमरचा लोखंडी ठोकळा पडतो तो अजून एका तालात. मी लॅबमध्ये आले तेव्हा वजनकाट्यासमोर श्वास रोखून उभं कसं राहायचं ते त्यांनीच शिकवलं. माझ्याकडे मातीचा स्वभाव. किती पाण्याला ती वाहायला लागते, किती पाण्याला काचेवर वळता वळता तुटते, ते मी बघते. ओली माती काचेवर ठेवून तळहाताने आगपेटीच्या काडीएवढी बारीक वळायची आणि नेमकी तिथेच तिला तडे गेले पाहिजेत. माझ्या हाताला घाम येत नाही म्हणून हे काम माझ्याकडे आलं. काका म्हणतात, "स्वभावाचं खातं बरोबर माणसाकडे गेलंय."

त्या संध्याकाळी भाऊ घरी आला तो नळाखाली डोकं धरूनच बसला. आम्ही तिघं एका घरात राहतो, तो, त्याची बायको आणि मी. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि पडले असते तरी माझ्या तोंडापुढे कोण टिकलं असतं! भावजय मला डोळ्यांनी खुणावत होती, आत्ता काही बोलू नका म्हणून. मी बोललेच.

"काय रे, किती फेऱ्या मारल्यास?"

"सांगितल्या तेवढ्या. वर चार जास्त."

"मग माती बसत का नाही?"

"बसलीय गं ताई." त्याने डोकं वर केलं. पाणी हनुवटीवरून गळत होतं. "सीटखालून कळतं मला. कच्ची असली की रोलर गपगुमान जातो. बसली की ठोका उलटा येतो, पार कण्यापर्यंत. दात वाजायला लागतात. तसे वाजले माझे."

"मग दात खोटं बोलतायत तुझे. वजनकाटा बोलत नाही."

त्याने डोकं परत नळाखाली घातलं. भावजयीने माझ्याकडे असं बघितलं की मी तिथून उठलेच असते. मग तिनेच सांगितलं, तो काही सांगणार नव्हता. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला होता, फेऱ्या खातोस आणि डिझेल विकतोस. पुढचा खड्डा नापास झाला तर रोलरवरून खाली उतरायचं, चावी द्यायची. माझ्या भावाला, जो दुकानदाराने चुकून जास्त सामान दिलं तर परत द्यायला भर उन्हात जातो, त्याला चोर! माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. पण तो राग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी पुन्हा त्याच्यावरच काढला. "मग नीट चालव ना मेल्या! कुठेतरी कमी पडतोयस म्हणूनच आकडा येत नाही ना?"

"असेल," तो म्हणाला.

हा 'असेल' मला तेव्हाच खटकायला हवा होता. तो कधी रोलरच्या बाबतीत 'असेल' म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला आणि माझ्यासमोर जेवणाचा डबा उघडून धरला. आत ओलसर, तांबूस मुरमाचं ढेकूळ होतं. दाबलेल्या थरातून कुदळीने फोडून आणलेलं. "बघ तू. हात लावून बघ. हे कच्चं आहे का?" लहान मूल शाळेतली पाटी दाखवतं तसा उभा होता. मी म्हटलं, "दिवसभर मातीत असते, आता घरीपण आणा! आणि डबा कोण घासणार?" पण डबा पिशवीत टाकला. त्याचं तोंड बंद करायला म्हणून का होईना, लॅबमध्ये नेते म्हटलं.

डबा दोन दिवस माझ्या टेबलाखाली पडून राहिला. तिकडे पाचव्या खड्ड्याची तयारी चालली होती. भावजय सांगायची, हा उजाडायच्या आत जातो, जेवायला खाली उतरत नाही, एकाच पट्ट्यावरून पुढे-मागे, पुढे-मागे. ओरडून थांबवावं लागतं म्हणे.

ज्या दिवशी पाचवा खड्डा घ्यायचा होता, त्याच दिवशी साहेबांना आठवण झाली की या मुरमाचा स्वभाव अजून काढलेलाच नाही. साइटला घाई असते ती ठोकण्याच्या आकड्याची, स्वभावाचं कुणाला पडलंय! ते काम मागे राहिलं होतं. मी काकांच्या कपाटातून त्याच मुरमाचा उरलेला ट्रे काढला आणि माती बारीक चाळणीवर घातली. सरसर खाली उतरली. वर राहिली ती मूठभर. बरं झालं म्हटलं, रगडत बसायला नको.

मग पायाला डबा लागला. म्हटलं चला, याचंही तोंड बघू. ढेकूळ वाळलं होतं. रबरी बत्त्याने हलक्या हाताने मोकळं केलं आणि तेवढ्याच बारीक दुसऱ्या चाळणीवर घातलं. हलवलं. पुन्हा हलवलं. खाली चिमूटभर धूळ पडली आणि वर सगळे खडे, करकरीत, जसेच्या तसे.

एकच खाण, एकच मुरूम. एका चाळणीखाली पीठ आणि दुसरीच्या वर खडे. मी दोन्ही चाळण्या शेजारी ठेवल्या आणि बघत बसले. रोलरखालून गेलेली माती अख्खी, आणि कपाटात ठेवलेली चुरा. हा चुरा कुणी केला?

"काका," मी हाक मारली, "या मुरमाला पाच वेळा ठोकलंत ना, ते पाच वेगळे वाटे घेऊन?"

काका साचा पुसत होते. "वेगळे कुठले? पोतं वाटेत फाटलं होतं, निम्मं पण आलं नव्हतं. साइटवाले तर रोज मानगुटीवर. तीच फोडली, पाणी घातलं, परत ठोकली. चालतं तेवढं. नदीच्या वाळूला काय होतंय?"

"ही वाळू आहे का, काका?"

ते आले. डब्यातला एक खडा त्यांनी साच्यात टाकला आणि त्यावर रॅमर सोडला. खड्याचा भुगा झाला. त्यांनी दुसरा घेतला, तोही गेला. मग ते स्टुलावर बसले आणि हातातलं फडकं नुसतंच घडी करत राहिले.

प्रत्येक वेळी रॅमरखाली खडे फुटत गेले, फुटलेल्याचं पीठ फटींत जाऊन बसलं, आणि साचा दर खेपेला आणखी जड भरला. तो पिठाचा आकडा आम्ही शंभर म्हणून साइटला पाठवला होता. पीठ घनसेंटिमीटरला दोन पूर्णांक शून्य दोन ग्रॅमवर जाऊन बसलं होतं. अख्ख्या मुरमाला तिथे पोचायचं तर जन्म गेला असता. माझा भाऊ मुरूम दाबत होता, आणि आम्ही त्याला पिठाच्या मापाने मोजत होतो.

काका स्वतः उठून साहेबांकडे गेले. हे मात्र सांगायलाच हवं, की त्यांनी पोत्यावर किंवा साइटवाल्यांवर खापर फोडलं नाही. "माझी चूक आहे," एवढंच म्हणाले. साहेबांनी टेबलावरची पेन्सिल उचलून परत ठेवली. मग म्हणाले, "नवीन पोतं मागवा. पाच वाटे करा, एकदा ठोकलेला वाटा पुन्हा वापरायचा नाही. मी समोर उभा राहीन. आणि ताई, तुम्ही या चाचणीला बोटसुद्धा लावायचं नाही."

"का? शोधलं कुणी?"

"तुम्ही शोधलंत, म्हणूनच. भाऊ आहे तुमचा."

राग आला. पण बरोबर बोलत होते, म्हणून जास्तच आला. साहेबांनी साइटला फोन केला की पाचव्या खड्ड्याचा निकाल थांबवा. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. साहेब नुसते "अच्छा" म्हणाले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही आज लवकर घरी जा."

मी धावतच गेले म्हणा ना. या वयात, हातात रिकामा डबा घेऊन. वाटेत मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, काय सांगायचं, कसं सांगायचं. आधी माफी मागायची, मग त्याला थोडं हसवायचं. दारात भावजय उभी होती आणि तिचे डोळे सुजले होते. आत भाऊ खाटेवर बसून बुटांची माती काढत होता. दिवस अजून मावळला नव्हता, आणि या वेळेला तो घरी कधीच नसतो.

"चावी देऊन आलो," तो म्हणाला.

"अरे, पण निकाल अजून..."

"निकालाची वाट कशाला बघायची? मीच सांगून टाकलं. म्हटलं, माझ्याच फेऱ्या कमी पडल्या. डिझेल विकलं नाही, पण फेऱ्या कमी पडल्या. माझं लक्ष राहत नाही आताशा."

"खोटं का बोललास?" मी किंचाळलेच.

"खोटं कसं? तू मोजलंस ना? चारही वेळा?" त्याचा आवाज शांत होता, आणि तेच सहन होत नव्हतं. "मला वाटतं बसली, आणि ती बसलेली नसते. म्हणजे मला कळेनासं झालंय, ताई. होतं असं. वय होतं माणसाचं."

मी त्याच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. पोतं, साचा, पीठ, चाळणी. सांगता सांगता माझा आवाज चढत गेला, कारण तो ऐकत होता पण ऐकत नव्हता. दुखणेकरी माणसाला डॉक्टर बरा होशील म्हणतो तेव्हा तो जसं बघतो, तसं बघत होता. शेवटी त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ताई, माझ्यासाठी आकडे बदलू नकोस. तुझी नोकरी जाईल."

"अरे गाढवा, मी काही बदललं नाही!" मी ओरडले. जेवढी जास्त ओरडले तेवढं ते मलाच खोटं वाटायला लागलं. भावजय आतून आली आणि तिने दोघांनाही पाणी दिलं.

नवीन पोतं आलं. काकांनी पाच वाटे केले, साहेब छातीवर हात बांधून उभे राहिले, मी खिडकीशी लांब बसून काचेवर दुसरीच कुठलीतरी माती वळत राहिले. आकडा आला एक पूर्णांक त्र्याण्णव. जुन्या खड्ड्यांचा हिशेब नव्याने मांडला तर पाचही पास. पंच्याण्णवच्या वर, आरामात. सपाटरावाने पहिल्या दिवसापासून माती नीट बसवली होती.

सुधारलेला निकाल साइटला गेला. तिथे कोण काय म्हणालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. "ताईने भावाला पास केला." सुपरवायझरने तर चहाच्या टपरीवर म्हणे नक्कल करून दाखवली, मी कशी आकडे खोडते त्याची. तरी रोलर रिकामा उभा होता, काम अडलं होतं, म्हणून त्यांनी माणूस पाठवला, ये म्हणून. भाऊ गेला नाही. "एकदा कळेनासं झालं की बसू नये. उद्या रस्ता खचला तर?" म्हणाला.

मग मी काकांना घरी घेऊन आले. मी सांगितलेलं पटत नाही तर ज्याची चूक त्याच्या तोंडून तरी ऐक. काकांनी चप्पल दाराबाहेर काढली आणि माझ्या भावासमोर हात जोडून उभे राहिले. "माझ्यामुळे झालं, बाबा. माती मी एकच वापरली. तुझी काही चूक नव्हती." त्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणापुढे हात जोडलेले मी बघितले नव्हते. भावाने त्यांना धरून खुर्चीवर बसवलं, स्वतः चहा करून आणला, रॅमर उचलून दुखणाऱ्या खांद्याचं कसं आहे विचारलं. निरोप द्यायला कोपऱ्यापर्यंत गेला. मला वाटलं, चला, सुटलं.

परत आल्यावर कपबश्या उचलता उचलता तो म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला कशाला खोटं बोलायला लावलंस गं?"

माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात, पण त्या दिवशी जीभच नव्हती. आत जाऊन पडले आणि रडले. रागाने रडले. तो माझ्यावर विश्वास ठेवत नाही याचा राग नव्हता. मी काट्याची बाजू घेऊन बोलले तेव्हा त्याने माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला होता. तो सगळा तिथेच खर्च झाला, आता पुढच्यासाठी काही उरलं नव्हतं.

पुढे त्यांनी त्याला झेंडेवाल्याचं काम दिलं. वळणावर उभं राहायचं, लाल झेंडा दाखवला की ट्रक थांबतात, हिरवा दाखवला की सुटतात. त्याच रस्त्यावर, त्याच भरावाच्या कडेला. रोलरवर आता एक नवा माणूस असतो, कानात गाणी घालून चालवतो.

मागच्या आठवड्यात खड्ड्याचे नमुने घ्यायला आम्ही साइटवर गेलो. काका सामान उतरवत होते, मी भावाला डबा द्यायला वळणापर्यंत गेले. सकाळी विसरून गेला होता. धुळीने भुवया पांढऱ्या झाल्या होत्या त्याच्या. समोर नव्या थरावर रोलर चालू होता आणि पायाखालची जमीन हळू थरथरत होती. आम्ही दोघं नुसते उभे होतो. रोलर गेला, आला. गेला, आला. मी बघत होते, भावाने बुटाच्या टाचा जमिनीत जरा रोवल्या होत्या आणि जबडा किंचित उघडा ठेवला होता.

मध्येच जमिनीचा थरकाप बदलला. मला नाही कळलं, त्याच्याकडे बघून कळलं.

"बसली," तो म्हणाला. सीटवर असताना म्हणायचा तसंच, स्वतःशी.

नवा माणूस अजून फेऱ्या मारतच होता. थोड्या वेळाने तोही थांबला, काका खाली वाकून खड्डा करायला लागले. त्या खड्ड्याचा निकाल नंतर सत्त्याण्णव आला. पण तेव्हा तो आलेला नव्हता, आणि भाऊ काकांकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे मान वळवली. डोळे डबा दाखवताना होते तसेच.

"बसली ना, ताई?"

"बसली रे," मी म्हटलं. "बसलीच आहे."

त्याने मान हलवली, माझं मन राखायला. पाठीमागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, तसा तो वळला आणि त्याने हिरवा झेंडा वर केला.